खोकला फुप्फुसाचा, घाव यकृतावर

आपल्या संघटनेच्या स्मरणिकेत एका बालरोगतज्ज्ञाने यकृताच्या आजारावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु बालरोगतज्ज्ञाकडे येणारे मूल कधीच एकटे येत नाही. आपल्या सीमाभागात तर ते हमखास आजी किंवा आजोबांच्या कडेवर येते, कारण आईवडील शेतात तरी असतात किंवा पुण्या-मुंबईला, हैदराबादला कामावर तरी. खोकणाऱ्या नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या आजोबांच्या डोळ्यांत पिवळेपणा असतो, पायांवर सूज असते, धोतराखाली पोट फुगलेले असते. नातवाला तपासून झाले, औषध लिहून झाले की ते दोघे घरी जातात. नातवाचा खोकला पाच दिवसांत बरा होतो. आजोबांचे काय होते, हे आपण सहसा विचारीत नाही. या लेखाचा विषय तो न विचारलेला प्रश्न आहे.

विषाणूंमुळे होणारे श्वसनमार्गाचे आजार म्हणजे साधे पडसे, फ्लू, स्वाईन फ्लू, कोविड, लहान मुलांतील आरएसव्ही. यांच्याविषयी आपल्या मनात एक सोयीची विभागणी पक्की बसलेली आहे. दमेकरी, हृदयरोगी, मधुमेही यांना जपायचे आणि बाकीच्यांना धीर देऊन घरी पाठवायचे. यकृताचा रुग्ण या 'बाकीच्यां'त मोडतो, असे आपण धरून चालतो. माझ्या मते ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील रुग्ण मोजत आहेत.

कलबुर्गीचा मार्च महिना

कोविडच्या भारतीय इतिहासात आपल्या भागाचे नाव दुर्दैवाने पहिल्याच पानावर आहे. सौदी अरेबियातून फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस परतलेले कलबुर्गीचे ७६ वर्षांचे एक गृहस्थ आजारी पडले. आधी कलबुर्गीत, नंतर हैदराबादेत त्यांना नेण्यात आले आणि १० मार्च २०२० रोजी परतीच्या वाटेवर त्यांचे निधन झाले. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले आणि १२ मार्चला त्या गृहस्थांचा अहवाल जाहीर झाला. देशातील कोविडचा तो पहिला नोंदलेला मृत्यू होता. त्यांना रक्तदाब, मधुमेह आणि दमा हे विकार होते. यकृताचा विकार होता असे कोठेही नमूद नाही आणि तसे सुचविण्याचा माझा हेतूही नाही. हे उदाहरण मी एवढ्यासाठी घेतले की, आधीचा एखादा जुनाट आजार आणि वर आलेला नवा विषाणू यांची गाठ पडली म्हणजे काय होते, हे देशात सर्वप्रथम आपल्या गावाने पाहिले. कलबुर्गी ते हैदराबाद हा जो रस्ता त्या कुटुंबाने धरला, तोच रस्ता आपल्याकडील यकृताचे बहुसंख्य रुग्ण वर्षानुवर्षे धरीत आले आहेत.

पुढे लसीकरण सुरू झाले. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधी असणाऱ्यांना लस देण्याचे ठरले, तेव्हा केंद्र शासनाने वीस सहव्याधींची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत बळावलेल्या लिव्हर सिरॉसिसचा समावेश होता, तसेच यकृतप्रत्यारोपण झालेल्या वा त्यासाठी प्रतीक्षायादीत असलेल्या रुग्णांचाही. त्याआधी, २००९ च्या स्वाईन फ्लूच्या साथीनंतर शासनाने रुग्णांचे अ, ब, क असे जे वर्गीकरण केले, त्यातही यकृताच्या रुग्णाला लक्षणे सौम्य असली तरी जोखमीच्या 'ब' वर्गात घातले आहे आणि त्याला ओसेल्टामिवीर द्यावे असे सांगितले आहे. म्हणजे शास्त्राने आणि शासनाने या रुग्णाला जोखमीचा मानले आहे. तो मानायचा राहिला आहे तो आपल्या रोजच्या बाह्यरुग्ण विभागात.

यकृत आणि श्वास यांचे नाते

वाचकांत वैद्यकीय क्षेत्राबाहेरील बांधवही आहेत, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. यकृत हे शरीराचे नुसते कोठार नव्हे, ते नाकेही आहे. आतड्यांतून येणारे रक्त यकृतातून गाळले जाते आणि त्यातील जंतू तेथील पेशी टिपून घेतात. रोगप्रतिकारासाठी लागणारी अनेक प्रथिने यकृतातच तयार होतात. सिरॉसिसमध्ये यकृताची जागा तंतूंनी घेतली की हे नाके ढिले पडते. रक्त आडवाटेने यकृताला वळसा घालून जाते, प्लीहा वाढून पांढऱ्या पेशी कमी होतात, प्रथिनांची निर्मिती घटते. असा मनुष्य विषाणूला तर बळी पडतोच, पण विषाणूने वाट मोकळी करून दिल्यावर मागाहून येणाऱ्या जिवाणूंच्या न्यूमोनियालाही तो सहज सापडतो.

दुसरी गोष्ट यांत्रिक आहे. पोटात पाणी साठले की मध्यपटल वर ढकलले जाते आणि फुप्फुसांना पसरायला जागा उरत नाही. काही रुग्णांत छातीतही पाणी होते. काहींच्या फुप्फुसातील सूक्ष्म रक्तवाहिन्या इतक्या रुंदावतात की रक्तात प्राणवायू पुरेसा मिसळत नाही. धडधाकट माणसाला जो न्यूमोनिया दमवितो, तो अशा रुग्णाचा श्वास थांबवू शकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. संसर्गाच्या काळात ताप येतो, खाणेपिणे सुटते, शरीरातील पाण्याचे व क्षारांचे गणित बिघडते, रक्तदाब उतरतो. जेमतेम तग धरून असलेल्या यकृताला एवढा धक्का पुरतो. कावीळ वाढते, पोटात पाणी भरते, मूत्रपिंडे मंदावतात, रुग्ण बरळू लागतो किंवा गुंगीत जातो. घरचे लोक सांगतात, "चार दिवस नुसता सर्दी-खोकला होता, मग एकाएकी डोक्यात गेले." हे एकाएकी होत नाही. दुष्काळात तेरावा महिना यावा तसा तो खोकला आलेला असतो.

या संबंधाचे मोजमाप कोविडच्या काळात प्रथमच मोठ्या प्रमाणावर झाले. २९ देशांतील डॉक्टरांनी जुनाट यकृतविकार असलेल्या ७४५ कोविडग्रस्तांची एकत्रित नोंद केली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सिरॉसिस नसलेल्या यकृतरुग्णांत मृत्यूचे प्रमाण ८ टक्के होते, तर सिरॉसिस असलेल्यांत ३२ टक्के. चाइल्ड-प्यू वर्गवारीप्रमाणे पाहिले तर 'अ' वर्गात १९, 'ब' वर्गात ३५ आणि 'क' वर्गात ५१ टक्के रुग्ण दगावले. सिरॉसिसच्या ४६ टक्के रुग्णांत यकृताची स्थिती बिघडली आणि अशा बिघडलेल्यांपैकी सुमारे एकपंचमांश रुग्णांत श्वसनाचे एकही लक्षण नव्हते. मृत्यूची कारणे पाहता ७१ टक्के फुप्फुसाच्या आजाराने आणि १९ टक्के यकृताच्या कारणाने गेले. हे आकडे बहुतांशी रुग्णालयात दाखल झालेल्यांचे आणि लसीकरणाआधीचे आहेत, त्यामुळे ते आजच्या प्रत्येक रुग्णाला जसेच्या तसे लावू नयेत. परंतु त्यांतील चढण स्पष्ट आहे. यकृत जितके खालावलेले, तितका विषाणू घातक. आणि खोकला नसतानाही, केवळ कावीळ वा बरळणे वाढले म्हणून आलेल्या सिरॉसिसच्या रुग्णात श्वसनाचा विषाणू शोधावा लागतो, हा धडा तर आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर लिहून ठेवावा असा आहे.

मुलांचे यकृत

आता माझ्या क्षेत्राकडे वळतो. विषाणूचा ताप आणि यकृत यांची गाठ बालरोगशास्त्राने फार पूर्वी पाहिली आहे. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. डग्लस रे यांनी एका विचित्र आजाराचे वर्णन केले. फ्लू किंवा कांजिण्यांतून बरे होत असलेले मूल अचानक उलट्या करू लागते, बेशुद्ध होते आणि त्याचे यकृत चरबीने भरून जाते. पुढे असे दिसून आले की यांतील बहुतेक मुलांना तापासाठी ॲस्पिरिन दिलेले होते. अमेरिकेत १९७९-८० च्या एका वर्षात असे ५५५ रुग्ण नोंदले गेले. १९८० नंतरच्या दशकात मुलांना ॲस्पिरिन न देण्याच्या सूचना निघाल्या आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. एक साधी सूचना लोकांपर्यंत नीट पोहोचली तर किती जीव वाचतात, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाही. आजही ज्या मुलांना कावासाकीसारख्या आजारासाठी दीर्घकाळ ॲस्पिरिन द्यावे लागते, त्यांना फ्लूची लस अवश्य द्यावी असे सांगितले जाते, ते याच कारणाने.

आपल्या देशात ॲस्पिरिनची जागा निमेसुलाइडने घेतली होती. ताप झटकन उतरतो म्हणून ते लोकप्रिय झाले. यकृताला होणाऱ्या इजेच्या तक्रारी वाढल्यावर २०११ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी आली. बंदीला आता दीड दशक होत आले, तरी मोठ्यांसाठी आणलेल्या गोळीचा अर्धा तुकडा मुलाला देण्याची सवय घराघरांतून पूर्णपणे गेलेली नाही.

राहिले पॅरासिटामॉल. योग्य मात्रेत ते अत्यंत सुरक्षित आहे, यात शंका नाही. परंतु मात्रेचा घोळ कसा होतो ते पाहा. दहा किलो वजनाच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम लागते. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेले पातळ औषध आहे, २५० मिलिग्रॅमचे आहे आणि एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंबही आहेत. पहिल्याचे ६, दुसऱ्याचे ३ आणि तिसऱ्याचे फक्त दीड मिलिलिटर द्यायचे असते. मागच्या खेपेला '६ मिली' सांगितलेले आठवून आईने थेंबांचे औषध ६ मिलिलिटर दिले, तर मुलाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम जाते, म्हणजे चौपट. दिवसातून चार वेळा असे दिले आणि मूल तापाने दोन दिवस उपाशी असेल, तर आपण यकृत निकामी होण्याच्या उंबरठ्यावर आहोत. म्हणून कागदावर मिलिलिटरसोबत औषधाची तीव्रता लिहिणे, ती मराठीत वा कन्नडमध्ये तोंडी सांगणे आणि बाटलीवर खूण करून देणे हा उपचाराचाच भाग समजावा. मात्रा जास्त गेल्याचे लवकर कळले तर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा उपलब्ध आहे, पण उशीर झाल्यावर त्याचा उपयोग कमी होत जातो.

ज्या मुलांना जन्मतःच पित्तनलिकांचा दोष आहे, ज्यांच्यावर कसाई शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्यांचे यकृतप्रत्यारोपण झाले आहे, अशी मुले आता आपल्या तालुक्यांतही दिसू लागली आहेत. ही मुले मोठ्या शहरातून फाईल घेऊन परत येतात आणि त्यांचा पहिला ताप आपल्यासमोर येतो. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेतील मुलाला साधा आरएसव्हीचा संसर्ग झाला तरी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. गोवरासारख्या जिवंत विषाणूंच्या लशी प्रत्यारोपणानंतर सहसा देता येत नाहीत, म्हणून त्या आधीच पूर्ण कराव्या लागतात. हे वेळापत्रक हैदराबादचे किंवा बंगळूरचे डॉक्टर ठरवतील, असे म्हणून आपण गप्प बसलो तर मूल दोन्हींच्या मध्ये राहते.

काढ्याचा प्रश्न

या विषयावर लिहिताना गुळवेलीबद्दल न लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०२० व २०२१ मध्ये आपल्याकडे असे घर विरळा होते, जिथे काढा उकळत नव्हता. बांधावरची, कडुनिंबावर चढलेली गुळवेल लोकांनी तोडून आणली आणि प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून महिनोन्महिने घेतली. मुंबईत सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताचा तीव्र दाह आढळला. तेथील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये ही मालिका प्रसिद्ध केली. काही रुग्णांत शरीराने स्वतःच्याच यकृतावर हल्ला चढविण्याची सुप्त प्रवृत्ती आधीपासून असावी आणि गुळवेलीने तिला जाग आणली असावी, असे त्यांचे मत पडले. त्यानंतर देशातील विविध केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचाही रोख हाच होता. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे होते.

या वादात मला आयुर्वेदावर शिंतोडे उडवायचे नाहीत. आपल्या समाजात वैद्यांची मोठी परंपरा आहे आणि आपल्या संघटनेचे अनेक स्नेही त्या शाखेचे आहेत. परंतु दोन्ही बाजूंनी मान्य होईल असे एक सूत्र यातून निघते. कोणताही जाणता वैद्य प्रकृती न पाहता, मात्रा न ठरविता, महिनोन्महिने एकच द्रव्य घ्या असे सांगणार नाही. बांधावरून तोडलेली वेल कोणती आहे हे जर मंत्रालयाच्या मतेही चुकू शकते, तर ज्याचे यकृत आधीच आजारी आहे त्याने ती जोखीम का घ्यावी? सिरॉसिस, जुनाट हिपॅटायटिस किंवा यकृताचा स्वप्रतिकारजन्य विकार असलेल्यांनी खोकल्याच्या साथीत काढे, चूर्णे, 'लिव्हर टॉनिके' आपल्या मनाने घेऊ नयेत, एवढे तरी आपण एका सुरात सांगावे.

ॲलोपॅथीच्या कपाटातही काही कमी धोके नाहीत. सिरॉसिसच्या रुग्णाला अंगदुखीसाठी दिलेले डायक्लोफिनॅक वा आयब्युप्रोफेन मूत्रपिंडे बंद पाडू शकते आणि अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव घडवू शकते. त्याच्यासाठी दिवसाला दोन ग्रॅमपर्यंतचे पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित आहे, हे सांगितले तर अनेकांना खरे वाटत नाही. गुंगी आणणारी खोकल्याची औषधे त्याला बेशुद्धीकडे ढकलतात. हिपॅटायटिस बी चा विषाणू अंगात वागविणाऱ्याला खोकल्यासाठी वारंवार स्टिरॉइड दिले, तर झोपलेला विषाणू उठून बसतो. ही औषधे आपल्याकडे चिठ्ठीवाचून दुकानात मिळतात आणि सर्दीच्या एका गोळीत तीन-तीन द्रव्ये असतात, हे आपण सारे जाणतो.

लस कोणाची जबाबदारी?

बालरोगतज्ज्ञांनी लसीकरणाची एक शिस्त उभी केली आहे. मुलाचे कार्ड असते, तारखा असतात, आईला त्या पाठ असतात. न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर शासकीय कार्यक्रमात मोफत मिळू लागली, हिपॅटायटिस बी ची लस २०११ पासून सर्व राज्यांत आली. मात्र वयाची काही वर्षे ओलांडली की ते कार्ड पेटीत जाते आणि प्रौढ माणसाच्या लसीला कोणी वालीच उरत नाही. पोटविकारतज्ज्ञ म्हणतात फॅमिली डॉक्टर पाहतील, फॅमिली डॉक्टर म्हणतात मोठ्या रुग्णालयाने लिहिले नाही, आणि रुग्णाला तर अशी लस असते हेच ठाऊक नसते. आजवर मोठ्या शहरांतून आलेल्या ज्या फाईली माझ्या पाहण्यात आल्या, त्यांत एंडोस्कोपीचे रंगीत फोटो होते, सोनोग्राफीचे अहवाल होते, आहाराचा तक्ता होता. लसीकरणाची ओळ क्वचितच होती.

यकृताच्या रुग्णाला दरवर्षी फ्लूची लस, न्यूमोकोकल लस आणि आधी झाला नसेल तर हिपॅटायटिस बी पासून बचाव, हा सल्ला आता जगभर मान्य आहे. आपल्या भागात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये असतो आणि दुसरी लाट हिवाळ्याच्या शेवटास येते. आषाढी वारीहून परतलेली मंडळी, शाळा उघडल्यावर एका बाकावर दाटीने बसलेली मुले आणि गाणगापूरसारख्या तीर्थक्षेत्रांची गर्दी या साऱ्यांतून विषाणू घरी येतो. म्हणून लस एप्रिल-मेमध्ये, पावसाआधी घ्यावी. सहा महिन्यांवरील मुलांनाही ती देता येते. नऊ वर्षांखालील मूल प्रथमच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात.

यावर दोन आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की फ्लूची लस पूर्ण संरक्षण देत नाही. हे खरे आहे. चांगल्या वर्षी धडधाकट माणसात ती साधारण ४० ते ६० टक्के आजार टाळते आणि सिरॉसिसमध्ये शरीराचा प्रतिसाद याहून दुबळा असू शकतो. पण याच कारणाने घरातील बाकीच्यांनी, विशेषतः मुलांनी, लस घेणे अधिक महत्त्वाचे ठरते. आजोबांच्या शरीरात पुरेशी भिंत उभी राहत नसेल तर ती नातवाच्या शरीरात उभी करावी. दुसरा आक्षेप पैशाचा आहे. शासकीय कार्यक्रमात ही लस सर्वांसाठी नाही आणि खाजगीत ती हजारांच्या घरात जाते. पाचजणांच्या कुटुंबाला तो खर्च जड आहे, हे मी नाकारत नाही. त्याचबरोबर जलोदर व न्यूमोनिया झालेल्या एका रुग्णाला हैदराबादेत अतिदक्षता विभागात ठेवण्याचा खर्च शेताचा तुकडा विकून भागविलेला आपण पाहतो. त्यातून ज्यांना सर्वांची लस परवडत नाही त्यांनी निदान रुग्णाची आणि त्याच्या सर्वाधिक जवळ असणाऱ्या मुलाची घ्यावी, असा मधला मार्ग सांगता येतो.

संघटनेकडून अपेक्षा

केवळ उपदेश करून लेख संपविणे योग्य नव्हे. आपली संघटना लहान आहे, साधने मर्यादित आहेत, तरीही पुढील गोष्टी आपल्या आवाक्यातील आहेत असे मला वाटते.

पहिली, यकृतरुग्णाचे कार्ड. खिशात मावेल असे, मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषांत छापलेले. बिदर, भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या पट्ट्यात एकाच गल्लीत या तिन्ही भाषा नांदतात आणि चिठ्ठी मात्र इंग्रजीत असते. 'माझे यकृत आजारी आहे' एवढे वाक्य, टाळावयाची औषधे, पॅरासिटामॉलची कमाल मात्रा आणि घेतलेल्या लशींच्या तारखा त्यावर असाव्यात. औषध दुकानदाराने ते पाहिल्याखेरीज सर्दीची गोळी देऊ नये, यासाठी औषधविक्रेत्यांच्या संघटनेशी आपण बोलावे.

दुसरी, दरवर्षी एप्रिल-मेमध्ये लसीकरणाचे एक शिबिर. लस एकत्र खरेदी केल्यास किंमत उतरते. आपल्या उन्हाळ्यात आणि विजेच्या लपंडावात २ ते ८ अंश तापमान राखण्याची व्यवस्था मात्र आधी पक्की करावी. ज्यांना परवडत नाही अशांसाठी समाजातील दानशूर मंडळी पुढे येतील, याबद्दल मला शंका नाही. ज्या समाजाने महासाथीत प्राणवायूची यंत्रे जमविली, त्याला काही लशी जड जाऊ नयेत.

तिसरी, पहिल्या दोन दिवसांचा नियम. यकृताचा रुग्ण साथीच्या दिवसांत ताप-खोकला घेऊन आला, तर त्याला 'पाहू दोन दिवस' असे सांगून पाठवू नये. प्राणवायूचे प्रमाण मोजावे, लघवी कमी झाली का, रात्री झोप उलटी झाली का, बोलण्यात गोंधळ आहे का हे विचारावे आणि फ्लूची शंका असल्यास तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता ४८ तासांच्या आत ओसेल्टामिवीर सुरू करावे. जुलाबाची व लघवीची औषधे पूर्ववत चालू ठेवायची की कमी करायची, हे त्याच वेळी ठरवावे.

चौथी, नव्या रुग्णांचा शोध. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली हिपॅटायटिस बी व सी ची तपासणी आणि औषधे शासकीय केंद्रांत मोफत आहेत. फॅटी लिव्हरचाही समावेश २०२१ मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात झाला आहे. आपल्याकडील मधुमेह, वाढते पोट आणि दारू यांचा विचार करता, यकृत बिघडले आहे हे ठाऊकच नसलेले लोक ठाऊक असलेल्यांपेक्षा पुष्कळ जास्त असणार. सर्दी-खोकल्यासाठी आलेल्या माणसाचे पोट चाचपून पाहणे हे जुन्या पिढीतील डॉक्टरांचे शिस्तीचे काम होते. ती शिस्त पुन्हा आणण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

आपल्या बंधुभगिनींना, जे डॉक्टर नाहीत त्यांना, माझी एकच विनंती आहे. घरात कोणाला यकृताचा आजार असेल, तर मुलांच्या लसीसाठी याल तेव्हा ते आपण होऊन सांगा. डॉक्टरांनी विचारले नाही म्हणून राहू देऊ नका. खोकणाऱ्या मुलाला चार दिवस आजोबांच्या अंथरुणात झोपवू नका, मोठ्यांनी खोकला असताना तोंडाला मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा. माया कमी होत नाही.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना सांगावयाचे ते इतकेच की, हे काम 'लिव्हरच्या मोठ्या डॉक्टरांचे' नाही. रुग्ण वर्षातून दोनदा हैदराबादला जातो आणि उरलेले तीनशे साठ दिवस आपल्यातच राहतो. त्याचा खोकला आपल्याच दारी येतो. तो ऐकताना एक हात त्याच्या पोटावर ठेवावा, एवढी सवय या वर्षीच्या पावसाळ्याआधी आपण सर्वांनी लावून घ्यावी.